तळखड्यावरची अक्षरं

आक्का गेल्या तो बुधवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या प्रेसमधून जनूभाऊ आले आणि वाचनालयाच्या दारात थांबले. "आक्का गेल्या," ते म्हणाले. पहाटे, घरी, झोपेत. मी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. जनूभाऊ प्रेसमध्ये परत गेले. मी वाचनालय बंद केलं आणि मेस्त्रीवाडीला जाणारी एसटी धरली.

त्याला आता सात आठवडे होतील. इतक्या दिवसांनी लिहायला बसले आहे, कारण मला भराभर लिहिता येत नाही. एक वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा तेच लिहायचं, अशी माझी रीत. आक्का माझ्या टेबलासमोर बसून हे पाहत असत आणि म्हणत, "बाय, तू ही एक ओळ लिवशील तवर मी अख्खा एक ळ कोरून मोकळी हुईन." आणि ळ हे त्यांच्या मते सगळ्यांत खट्याळ अक्षर. दोन वेटोळी, मध्ये चिमटीएवढी जागा, तिथे पटाशीचं टोक जरा जास्त गेलं की संपलं.

आक्का म्हणजे पार्वती विश्राम मेस्त्री. हे पूर्ण नाव रत्नागिरीत फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्यांची अक्षरं न पाहिलेला माणूस इथे सापडणं कठीण. गेल्या आठ-नऊ वर्षांत एसटी स्टँडच्या भिंतीवर, मासळी बाजाराच्या फाटकावर, शाळेच्या कुंपणावर जे जे पोस्टर लागलं... नमनाचं, नाटकाचं, भजनाच्या बारीचं, कबड्डीच्या सामन्यांचं... त्यातली सगळ्यात वरची ठसठशीत ओळ बहुतेक वेळा आक्कांनी शिवणीच्या लाकडात कोरलेल्या अक्षरांची असे. बारीक मजकुराला शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, असतात, पण वीतभर उंचीचं अक्षर शिशाचं करायचं म्हटलं तर ते उचलायला गडी लागेल. म्हणून मोठी अक्षरं लाकडाची. जनूभाऊंच्या वडिलांनी कधीकाळी आणलेला लाकडी संच वाळवीने खाल्ला, उरलेल्यातली निम्मी अक्षरं झिजली, आणि 'संगीत' शब्द छापायचा तर गी ऐवजी जुळवाजुळव करून काहीतरी उभं करायचं अशी पाळी आली. त्याच सुमाराला ते कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेले होते. तिथला देव्हारा पाहून प्रसाद घ्यायचं विसरले. देव्हारा कुणी केला, म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, विश्राम मेस्त्रीच्या बायकोने.

आक्कांचं माहेर वेळणेश्वरकडचं. वडील पालख्या कोरत. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीच्या हातात पटाशी दिली. वाडीतल्या कुणी नाक मुरडलं तेव्हा म्हणाले म्हणे, हाताला काय लुगडं आणि काय धोतर! नवरा मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात सुतार, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारा. मूलबाळ नाही. आक्का घरी शेतीभाती बघत, आणि ओटीवर बसून देव्हारे, पाट, चौरंग कोरत. जनूभाऊंनी त्यांना पातळ कागदावर काढलेली अक्षरं दिली आणि एवढंच सांगितलं की कागद पालथा चिकटवा आणि उमटेल तसं कोरा. छपाईचं अक्षर लाकडावर उलटं असावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं पडतं. आक्कांनी का, कशासाठी, काही विचारलं नाही. कागदाला खोबरेल लावलं की अक्षर मागच्या बाजूने स्वच्छ दिसतं. पेजेच्या निवळीने तो कागद लाकडावर पालथा डकवायचा आणि कोरायचं.

पंधरा दिवसांनी पहिली बारा अक्षरं आली. भाताच्या कोंड्यात पुरून, पंच्यात बांधून. जनूभाऊंनी एकेक अक्षर उचललं आणि त्यांचं तोंड उतरलं. प्रत्येक कान्याच्या तळाशी आक्कांनी आपल्या मनाने एक पसरट पाय काढला होता. वरून सरळ येणारी रेघ खाली पोचता पोचता हळूच रुंद व्हायची, देवळातला खांब तळखड्यावर टेकावा तशी. शिरोरेषेची दोन्ही टोकं पालखीच्या दांड्यासारखी किंचित वर वळलेली. ब आणि व यांच्या पोटातली पोकळी समईच्या ज्योतीच्या आकाराची. जनूभाऊ म्हणाले, "आक्का, ही जाहिरात आहे, देव्हारा नव्हे. हे पाय तेवढे काढून टाका."

"तळखड्याबिगर खांब उभा करतो काय कोण?" आक्का म्हणाल्या. "एका पावसात खचंल."

हा वाद मी ऐकला, कारण मी तेव्हा प्रेसमध्येच होते. प्रेस आणि वाचनालय यांच्यात एकच भिंत. पोस्टरांवरच्या चुका मला सहन होत नसत, म्हणून संध्याकाळी वाचनालय मिटायच्या आधी मी जनूभाऊंची प्रुफं तपासून देत असे. त्या दिवशी त्यांनी वैतागून ती बारा अक्षरं शाई लावून कागदावर उमटवली, पाय कसे वाईट दिसतात ते आक्कांना दाखवायला. कागद उचलला आणि उजेडात धरला. अक्षरं कागदावर नुसती पडली नव्हती, ती उभी होती. पटाशीचे बारीक टवके कडांना तसेच राहिले होते, त्यामुळे काळ्या अक्षराची कड कुठे कुठे थरथरल्यासारखी दिसत होती. मी पुस्तकांत वाढलेली बाई, हजारो पानं पाहिलेली, पण अक्षराकडे अक्षर म्हणून पाहण्याची ती माझी पहिली वेळ. जनूभाऊ शेवटी म्हणाले, "उरलेली कधी देताय?"

उरलेली म्हणजे किती, हे कळल्यावर मात्र आक्का हादरल्या. नुसता क करून भागत नाही, का, कि, की, कु, कू सगळी वेगवेगळी कोरावी लागणार, हे जनूभाऊंनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका क ला बारा पोरं? आणि सगळ्यांच्या घरात असंच?" तरी त्यांनी ते केलं. चार वर्षं लागली. आक्का कोरलेलं अक्षर आणून देत तेव्हा जनूभाऊ त्याचं नाव सांगत, हा भ, हा धा, आणि आक्का ते पुटपुटत घरी जात. पुढे कुणीतरी मुंबईहून आलेला नाटकवाला विचारू लागला, या टाइपाचं नाव काय. टाइपांना नावं असतात हे जनूभाऊंना ठाऊक होतं, पण याचं काय सांगणार? ते म्हणाले, आक्का. तेच नाव चालू झालं. लोक प्रेसमध्ये येऊन सांगू लागले, वरची ओळ आक्कात टाका, बाकीचं साध्यात. एक गृहस्थ तर मुलीच्या लग्नाच्या पोस्टरएवढ्या पत्रिकेत फक्त व्याह्यांचं नाव आक्कात हवं म्हणून अडून बसले, आणि मग मुलीच्या मामाचं नाव साध्यात गेलं म्हणून तो मामा रुसला.

पावसाळ्यात ही अक्षरं फुगत. एका श्रावणात गणेशोत्सवाच्या पोस्टरची ओळ चौकटीत काही केल्या मावेना. वैशाखात जिथे नऊ अक्षरं बसत तिथे आठच बसत होती. जनूभाऊंनी स्टोव्हवर तवा ठेवला आणि एकेक अक्षर पापडासारखं शेकायला घेतलं. तेवढ्यात आक्का आल्या. त्यांनी ते पाहिलं, तव्यावरचा ण चिमट्याने परतला आणि म्हणाल्या, "ह्या बाजून कच्चा हाय."

इतक्या वर्षांत माझ्या कधीही मनात आलं नाही की आक्कांना वाचता येत नसेल. जिने बाराखडी कोरली तिला बाराखडी येत नाही, हे कुणाच्या मनात येईल? ते उघड झालं एका पाटीमुळे.

वाचनालयाला नवी खोली मिळाली तेव्हा दारावर लाकडी पाटी लावायची ठरली, आणि ती आक्कांनीच कोरावी हा आग्रह माझा. 'मोफत वाचनालय' एवढीच दोन शब्दांची पाटी. मी सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून, कागदावर काढून दिली. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब जरा नाखूष होते, त्यांना रंगवलेला पत्रा पुरला असता. आक्कांनी घरच्या फणसाची फळी काढली, पाच फूट लांब, हळदीच्या रंगाची. दोन महिने त्या पाटीवर होत्या. दसऱ्याच्या सकाळी बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळून पाटी आली. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, हार तयार, नारळ तयार. आक्कांनी गोधडी बाजूला केली.

इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि ते सगळंच्या सगळं उलटं होतं. आक्कांनी नेहमीप्रमाणे कागदाला खोबरेल लावलं होतं आणि तो पालथा डकवला होता.

माणसं पाटीभोवती गोळा झाली. मग वकीलसाहेब म्हणाले, "बाई, आपलं वाचनालय कुठल्या भाषेतलं आहे?" जनूभाऊंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. आक्का आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. पाटीकडे बघत नव्हत्या. त्यांना पाटीत काही चुकलेलं दिसतच नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं, आणि मी त्यांना पाणी प्यायला म्हणून आत नेलं.

आत माझ्या टेबलावर वाचनालयाचा रबरी शिक्का पडला होता. पाण्याचा पेला हातात तसाच ठेवून आक्कांनी तो शिक्का उचलला, उलटा करून त्याच्या रबराकडे पाहिलं आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सावकाश वाचलं, "मो... फ... त... वा... च... ना..." मग टेबलावरच्या पुस्तकावर याच शिक्क्याचा जांभळा ठसा होता, त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो मातर उलटा पडलाय," त्या म्हणाल्या. "माज्या पाटीत काय चुकला गो, बाय?"

मला कळायला थोडा वेळ लागला. जनूभाऊंच्या तोंडून ऐकलेली आणि हाताने कोरलेली अक्षरं, एवढीच त्यांची शाळा. जे जे अक्षर त्यांनी ओळखलं ते लाकडाच्या बाजूने, पालथ्या कागदातून, उलटं. छापलेलं पोस्टर वाडीपर्यंत कधी पोचत नव्हतं, आणि प्रेसमध्ये आल्या तरी त्यांचं लक्ष कागदावर नसे, खिळ्यावर असे. त्या शिक्का वाचू शकत होत्या, शिक्क्याचा ठसा वाचू शकत नव्हत्या. मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या ऐकून घेत होत्या आणि हळूहळू त्यांचे डोळे मोठे होत गेले. "म्हंजे मना वाचता येतंय?" त्यांनी विचारलं.

येतं, मी म्हटलं. फक्त दुसऱ्या अंगाने.

खिडकीजवळ, माठाच्या वर, खिळ्याला एक आरसा टांगलेला असे. पत्र्याच्या चौकटीचा, वहीएवढा. वाचनालय बंद करून घरी निघताना मी त्यात केस नीट करत असे. तो काढून मी टेबलावर माठाच्या झाकणीला टेकवून उभा केला, आणि मुलांच्या कपाटातलं एक पुस्तक उघडून आक्कांच्या छातीशी धरलं, पानं आरशाकडे करून. बाहेर वकीलसाहेब घड्याळ बघत होते. आक्का आरशात डोळे घालून बसल्या होत्या. मग त्यांनी वाचलं, एकेक अक्षर सुटं सुटं, "एका... गावात... एक..." आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांना लागला नाही असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्या आरसा घरी न्यायला मागत होत्या, आणि मागावा कसा ते सुचत नव्हतं.

का हवा, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. विश्रामभाऊंचं मुंबईहून महिन्याला एक पत्र येई. ते पोस्टमन वाचून दाखवी, ओटीवर चहा पीत, आणि पोस्टमन वाचतोय म्हटल्यावर निम्मी वाडी गोळा होई. विश्रामभाऊंनाही हे ठाऊक, त्यामुळे पत्रात काय असणार? गाय व्यायली का, कौलं शाकारली का, तात्यांचा खोकला कसा आहे, आम्ही सर्व खुशाल. वाडीतले लोक मध्येच उत्तरंही देत. "लगीन होऊन बावीस वर्सं झाली," आक्का म्हणाल्या, "ह्यांनी मना एक शबुद असा लिवला नाय, जो पोस्टमनला चालणार नाय." मग माझ्याकडे न बघता, "मना एकदा ह्यांचं पत्र एकटीन वाचायचा हाय, बाय."

मी आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. वाचनालयाचा आहे, असं उगाचच म्हटलं. परत करीन, त्या म्हणाल्या.

पाटीचं काय करायचं यावर समितीत बराच खल झाला. रंधा मारून पुन्हा कोरावी, असं एकाचं मत. जनूभाऊंनी त्याआधीच शाई लावून पाटीवरून एक मोठा कागद उमटवून घेतला होता, सुलटा, आणि तो पाहिल्यावर रंध्याची भाषा बंद झाली. शेवटी वकीलसाहेबांनी तडजोड केली, की नक्षी म्हणून आतल्या भिंतीवर लावावी, बाहेर पत्रा. मागच्या भिंतीवर, वाचायच्या टेबलाच्या वर, पाटी बसली. रोज येणारे एक पेन्शनर गृहस्थ ती मोडी आहे असं नवख्यांना सांगत, आणि विचारलं तर वाचूनही दाखवत. दर वेळी निराळं.

पुढच्या महिन्यात पत्र आलं तेव्हा आक्कांनी पोस्टमनपुढे चहा ठेवला आणि पत्रासाठी हात पुढे केला. तो म्हणाला, "फोडून वाचतो ना." त्या म्हणाल्या, "चा तू पी. पत्र मना दे." वाडीतली माणसं जमली होती, ती तशीच परत गेली. आक्कांनी आत जाऊन, चुलीपुढे, अंतर्देशीय पत्र छातीशी धरून आणि आरसा उतरंडीला टेकवून पत्र वाचलं. सबंध दुपार लागली. गाय, कौलं, तात्यांचा खोकला. "पण बाय," त्या मला सांगत होत्या, "खाली नाव लिवलेला असता. तुझा विश्राम. पोस्टमन ता कधी वाचतच नव्हता गो! ह्यो रांडेचा दर वेळी 'कळावे' वर थांबत व्हता."

पुढे विश्रामभाऊ शिमग्याला आले तेव्हा आक्कांनी त्यांना माडीवर बसवून आरसा दाखवला आणि त्यांची सगळी जुनी पत्रं धडाधड वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणे, आणि एवढंच म्हणाले की हात भरून येत असेल तुझा, आरसा धरून. मग सुट्टी संपवून मुंबईला गेले. महिना गेला, दुसरा गेला, पत्र नाही. आक्का वाचनालयात येत, पण पुस्तकात लक्ष नसे. त्यांना वाटू लागलं होतं की आता पोस्टमन वाचत नाही म्हटल्यावर ह्यांना लिहायला काही उरलं नाही. मी समजूत घातली, पण मलाही थोडं तसंच वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं. आक्कांनी ते अधीर होऊन पोस्टमनसमोरच फोडलं, आणि त्याने सवयीने मान वाकडी करून आत डोकावलं. दोघंही बघत राहिले. पोस्टमन म्हणाला, "वैनी, विश्रामला मुंबईत काय बाधलं काय? ही कंची भाषा?"

"आमच्या घरातली," आक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या.

विश्रामभाऊंनी सगळं पत्र उलटं लिहिलं होतं. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर पाठमोरं. दाढीचा आरसा समोर ठेवून, त्यात बघून बघून. एका पत्राला तीन रविवार लागले. त्यांच्या खोलीत गावातली आणखी आठ माणसं राहत, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि कुणी करणी केली की काय म्हणून त्यांना भगताकडे न्यायची तयारी चालवली होती. आक्का ते पत्र घेऊन वाचनालयात आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, स्टँडपासून चालत नव्हे, जवळजवळ धावत आल्या असाव्यात. मला त्यांनी वरची एकच ओळ दाखवली, बाकी पदराखाली. निळ्या शाईतली ती अक्षरं मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमध्ये, खिडकीच्या तावदानात, जमेल तिथे धरून वाचली. प्रिय पार्वती. सुताराचा हात, तरी रेघा डगमगत होत्या, आणि मला दिसलं की प्रत्येक कान्याच्या तळाशी त्यांनी पेन जरा दाबून एक पाय काढला आहे.

"पुढं काय लिहिलंय?" मी विचारलं. एरवी मी असं विचारत नाही.

"ता पोस्टमनला चालणारा नाय," आक्का म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की पलीकडून जनूभाऊंनी भिंतीवर थाप मारली.

मी शाळेच्या पद्धतीने त्यांना सुलटं वाचायला शिकवायचा प्रयत्न केला. पाटी, पेन्सिल, पहिलीचं पुस्तक. त्यांना कंटाळा येई. तरी दोन-तीन वर्षांत येऊ लागलं, आणि मग त्यांनी कुणी न सांगता एक नवी पाटी कोरून आणली, सुलटी. सुलटं कोरणं त्यांना किती जड गेलं ते त्या सांगत, हात परत परत आपल्या घरी वळत होता म्हणे. पत्रा उतरला आणि दारावर ती पाटी लागली. पण आरसा काही परत आला नाही. वाचनालयात येताना पिशवीत तो असेच. प्रवासवर्णनं त्यांना फार आवडत. ज्यांनी रत्नागिरी सोडून खेडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं त्या आक्का हिमालयात महिना महिना राहत. टेबलावर आरसा टेकवून, हनुवटीखाली पुस्तक उघडं धरून त्या बसत आणि वाचता वाचता अक्षरांवर टीका करत, "ह्यांच्या अक्षरांना पायच नायत. सगळी तरंगतायत, जत्रेतल्या फुग्यागत." एकदा मी विचारलं, आक्का, आता सुलटं येतं ना, मग आरसा कशाला? त्या म्हणाल्या, "तुमी वाचता तवा तुमाला कागद तेवढा दिसतो. मना माजा तोंड पण दिसता. वाचताना मी हसतंय काय, ता कळता." त्या दिवशी घरी गेल्यावर मी हळूच करून पाहिलं. मी हसत नव्हते. मग ते बघून हसले.

गेल्या वर्षी विश्रामभाऊ कायमचे घरी आले. पत्रं बंद झाली. आक्का तक्रार करत की माणूस समोर असला की काही बोलतच नाही, लिहीत होता तेच बरं. मग कधीतरी सांगितलं, की ते रोज सकाळी भाताच्या तुसावर बोटाने एक शब्द लिहून ठेवतात, अंगणात, उलटा, आणि कोंबड्या विस्कटून टाकायच्या आत तो वाचायचा असतो.

तेराव्याची पत्रं जनूभाऊंनी छापली. असली पत्रं साध्या टाइपात असतात. त्यांनी नाव तेवढं आक्कात टाकलं. वीतभर उंचीची ती अक्षरं पोस्टकार्डावर मावेनात, म्हणून कार्ड नाकारून पोस्टरचा कागद कापला. लोकांच्या हातात ते पडल्यावर बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की आक्का हे टाइपाचं नाव नव्हे, माणसाचं होतं. जनूभाऊंनी सांगितलं, एक जण त्यांना म्हणाला, "अरे, मी समजत होतो आक्का म्हणजे जर्मनीचा टाइप."

मागच्या सोमवारी विश्रामभाऊ वाचनालयात आले. इतक्या वर्षांत ते इथे पहिल्यांदाच येत होते. टोपी हातात घेऊन दारातल्या पाटीवरून हात फिरवला, मग आत येऊन पंच्याची गाठ सोडली. आत आरसा होता. "तिनं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले, "वाचनालयाचा आहे, परत करा." मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडे. त्यांनी मान हलवली. त्यांना आरसा लागत नाही, ते म्हणाले. लिहून लिहून त्यांनाही तसंच वाचायची सवय झाली आहे. पत्रं पेटीत आहेत, वाटेल तेव्हा काढून बघतात. मग मागच्या भिंतीवरच्या उलट्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं, ते तिच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात वाचलं, "मोफत वाचनालय." पेन्शनर गृहस्थांनी पेपरातून डोकं वर काढून पाहिलं आणि पुन्हा आत घातलं.

ते गेल्यावर मी आरसा पुसला. चौकटीच्या एका कोपऱ्यात शिवणीचा भुसा अडकला होता, तो तसाच ठेवला. माठाच्या वरचा खिळा इतकी वर्षं रिकामा होता. दसऱ्याच्या त्या दिवशी आरसा बाहेर गेला आणि पाटी त्यानंतर आत आली, त्यामुळे ती दोन्ही एका खोलीत समोरासमोर टांगलेली कधीच नव्हती, हे मला आरसा खिळ्यावर अडकवून मागे सरेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

आरसा आता खिळ्यावर आहे. संध्याकाळी केस नीट करायला त्यात पाहते तेव्हा माझ्या खांद्यावरून मागची पाटी दिसते. तिच्यावरची आठही अक्षरं पायांवर उभी आहेत, आणि सुलटी वाचता येतात.